संशोधन, गाणं आणि रविवारची अभ्यासिका: यातलं काय सोडू?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. विचारणाऱ्या बाई पुण्यात जीवरसायनशास्त्रात पीएचडी करतायत, तिसरं वर्ष चालू आहे. लहानपणापासून गाणं शिकतात, विशारद झालंय, आठवड्यातून दोनदा गुरूंकडे जातात. दर रविवारी सकाळी बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी चालणाऱ्या अभ्यासिकेत गणित-विज्ञान शिकवतात. मागच्या महिन्यात गाईड म्हणाले, "एक ना धड भाराभर चिंध्या चाललंय तुझं. एक काय ते ठरव." तर आता काय सोडू, असा प्रश्न. शिवाय एक जोडप्रश्न: हॉस्टेलवर पहाटे रियाज केला की शेजारची मुलगी तक्रार करते, तिचं काय करू?

उत्तर द्यायचा माझा अधिकार एवढाच, की या तीन होड्यांत पाय ठेवून मीही भिजलेला आहे. चौतीस वर्षं सेंद्रिय रसायनात संशोधन केलं, सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालो. कॉलेजपासून तबला वाजवतो, बहुतेक साथीचाच. आणि पंचवीसेक वर्षं भोर-वेल्ह्याकडच्या काही गावांत विहिरींचं पाणी तपासायला जातो. तुम्ही माझ्या मुलीच्या वयाच्या असाल, पण अहो-जाहोच करतो. सवयीचं आहे.

तुम्ही आठवड्याच्या तासांचं कोष्टक मांडलंय. लॅब साठ तास, गाणं आठ, अभ्यासिका जाऊन-येऊन पाच. कोष्टक बरोबर आहे, पण त्यातून उत्तर निघणार नाही, कारण त्यात सगळे तास एकाच मापाचे धरलेत. लॅबमधला तास आणि रियाजाचा तास एकमेकांच्या जागी बसत नाहीत. मी वेगळा हिशेब करायला शिकलो, तोही उशिरा. यातली एकेक गोष्ट सहा आठवडे बंद ठेवली तर काय होतं, आणि कोणाचं होतं?

संशोधन घ्या. सहा आठवडे थांबलं तर नुकसान होतं, पण ते बरंचसं भरून काढता येतं. तुमच्या पेशी द्रव नायट्रोजनमध्ये ठेवता येतात. रसायने बाटलीत राहतात. दुसऱ्या कोणी तेच काम आधी छापलं तर वाईट वाटतं, पण तसं तर रोज लॅबमध्ये बसूनही होतं. संशोधनाला खरी गरज असते ती अखंड वेळेची. मिश्रणातले पदार्थ वेगळे करायला आम्ही सिलिकाचा कॉलम लावायचो, तेव्हाची गोष्ट सांगतो. उभ्या काचेच्या नळीत सिलिका भरायची, वरून मिश्रण सोडायचं आणि द्रावक ओतत राहायचं. खाली एकेका परीक्षानळीत एकेक फ्रॅक्शन, म्हणजे हिस्सा, जमा होतं. मध्येच उठून गेलात आणि वरचं द्रावक संपलं, की सिलिका कोरडी पडते, तडे जातात, आणि दोन पदार्थ वेगळे व्हायच्या ऐवजी त्या भेगेतून हातात हात घालून खाली येतात. पाच तासांच्या कॉलमला पाच तास लागतात. एक-एक तास पाच दिवस देऊन तो होत नाही. लिखाणाचंही तसंच आहे, फक्त तिथले तडे दिसत नाहीत.

गाण्याचं याच्या उलट. रविवारी सलग पाच तास रियाज करून आठवडा भरून निघत नाही. मी सहा आठवडे तबल्याला हात लावला नाही, तर पहिला जातो तो तिरकिट हा जलद बोल. अक्षरं एकमेकांवर चढायला लागतात, लय थोडी चढली की सगळा चिखल. पण रोज वीस-पंचवीस मिनिटं, तीही ठाय म्हणजे संथ लयीत, बसलं तर हात टिकतो. वाढत नाही कदाचित, पण टिकतो. तुमच्या बाबतीत गळा आहे, त्यामुळे थोडा फरक असेल, तो तुमच्या गुरूंना विचारा. तरी मूळ गोष्ट तीच असावी: गाण्याला रोज थोडं लागतं, आणि ते चुकलं तर नुकसान तुमचं एकटीचं.

तिसऱ्या गोष्टीवर जरा थांबतो, कारण तिथेच मी चुकलो होतो.

पाण्याच्या कामाची सुरुवातीची वर्षं. एका गावात दोन विहिरी आणि एक सार्वजनिक नळ, तिन्हींचे नमुने घेतले. आमच्याकडे हायड्रोजन सल्फाइडवर चालणाऱ्या चाचणीच्या छोट्या बाटल्या असायच्या. आत रसायनात भिजवून वाळवलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, आणि बाटली घरातच ठेवायची. पाण्यात मैलामिश्रणाचे जंतू असतील तर एक-दोन दिवसांत पाणी काळं पडतं. फ्रिज नको, यंत्र नको. त्याच फेरीत ग्रामपंचायतीच्या खोलीतल्या टीसीएलचा, म्हणजे विहिरीत टाकायच्या ब्लीचिंग पावडरचाही नमुना घेतला. पोतं ओल आलेल्या भिंतीला टेकून ठेवलेलं, तोंड उघडं. पावडरीतला क्लोरीन अशानं उडून जातो, हे कुठल्याही केमिस्टला वासावरून कळावं. म्हटलं, "पुढच्या रविवारी येऊन सांगतो."

पुण्याला आल्यावर दोन दिवसांत तीनपैकी दोन बाटल्या काळ्या झाल्या. टीसीएलचं टायट्रेशन केलं. आम्लात पोटॅशियम आयोडाइड घालून ती पावडर घातली की जेवढा क्लोरीन शिल्लक असेल तेवढं आयोडीन सुटतं, मग वरून थेंबथेंब थायोसल्फेट सोडायचं, स्टार्चचा निळा रंग ज्या थेंबाला जातो तिथे थांबायचं. ताज्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन मिळायला हवा. निळा रंग इतक्या लवकर गेला की मला वाटलं ब्युरेट, म्हणजे थेंब सोडायची नळी, गळतेय. पुन्हा केलं. पावडरीत निम्म्याहूनही कमी जोर उरला होता.

म्हणजे माझ्याकडे उत्तर होतं, बुधवारी. आणि मग एका पेपरवर परीक्षकांचे शेरे आले. त्यानंतर एका कार्यक्रमाच्या तालमी लागल्या. मग एक परिषद. मी त्या गावात गेलो सातव्या आठवड्यात, व्यवस्थित टाइप केलेला तक्ता घेऊन. विहिरीवर एक आजी पाणी शेंदत होत्या. मी बाटल्यांचं सांगायला लागलो तर दोर तसाच हातात धरून म्हणाल्या, "आता काय सांगताय सायेब? त्ये पानी तर कवाच पिऊन झालं."

त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे बाटल्या गावातच ठेवायला लागलो, शाळेतल्या एका शिक्षिकेकडे. काळं झालं की काळं, त्याला पीएचडी लागत नाही. जलसुरक्षक म्हणून जो मुलगा होता तो टीसीएल 'दोन ओंजळी' टाकायचा. त्याला आम्ही शाळेच्या फळ्यावर हिशेब करून दाखवला. विहीर सहा मीटर व्यासाची, पाणी तीन मीटर, म्हणजे साधारण 85 हजार लिटर. हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे 425 ग्रॅम. पावडरीचा जोर अर्धा झाला असेल तर दुप्पट. मग अर्ध्या तासानं ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी: नळीतलं पाणी पिवळं दिसलं पाहिजे. आठवडाभरात त्यानं पोतं लाकडी फळीवर घेतलं आणि तोंड सुतळीनं बांधलं. दुसरी गोष्ट, मी 'पुढच्या रविवारी' म्हणणं बंद केलं. महिन्याचा दुसरा रविवार, एवढंच. पण तो चुकवायचा नाही, आणि मी नसेन तर कोण येणार त्याचं नाव आधीच सांगून ठेवायचं.

समाजकार्य सहा आठवडे बंद पडलं तर नुकसान आपलं होत नाही, हा त्यातला घोटाळा आहे. लॅब चुकली तर गाईड ओरडतात, रियाज चुकला तर आपलाच गळा सांगतो, पण अभ्यासिका चुकली तर सांगणारं कोणी नसतं. मुलं थोडा वेळ वाट बघतात आणि खेळायला जातात. म्हणून दडपण आलं की आपण आधी तेच कापतो, आणि 'सध्या जमत नाहीये' म्हणून मनाची समजूत घालतो.

एवढ्यावरून तुम्हाला दिसेल, की मी 'हे सोडा' असं सांगणार नाहीये. तिन्हींची मापं वेगळी आहेत, तेव्हा कापायची झाली तर वेगवेगळ्या जागी कापा. संशोधनाचे सलग दिवस तोडू नका, गाण्याचा रोजचा नेम तोडू नका, आणि मुलांना दिलेला शब्द तोडू नका. हा शब्द मात्र लहान करता येतो. कसा, ते पुढे सांगतो.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. पहिलं, फेलोशिप. ती पाच वर्षांची असते, तुमची अडीच गेली असतील. उरलेल्या काळात काम उरकलं नाही तर पुढचे महिने बिनपगारी, आणि घरून पैसे मागवायची सोय प्रत्येकीकडे नसते. दुसरं, कामाचा प्रकार. गणितात किंवा सैद्धांतिक भौतिकीत असता तर मी एवढं कॉलम-पुराण लावलं नसतं. पेशी वाढवणाऱ्यांना त्यांच्या वेळेप्रमाणे चालावं लागतं, पेशींना रविवार नसतो. तिसरं, गाईड. नुसते 'एक ठरव' म्हणणारे गाईड दोन प्रकारचे असतात. एकाला विद्यार्थी रात्री दहालाही दिसला पाहिजे असतो, त्याला काहीही सांगून उपयोग नाही. दुसऱ्याच्या मनात एखादी नेमकी तक्रार असते आणि ती नीट मांडता न आल्यामुळे तो म्हण वापरतो. तुमचे दुसऱ्या प्रकारचे असतील असं धरून चालतो. त्यांना सरळ विचारा: "सर, माझ्याकडून नेमकं काय राहिलंय?" बहुतेक वेळा उत्तर येतं की अमुक प्रयोग तीनदा करायचा होता, दोनदाच झालाय, किंवा मसुदा दोन महिने अडकलाय. त्याला तारीख देता येते. 'चिंध्या'ला तारीख देता येत नाही.

आणि चौथं, जे पुरुष सहसा लिहीत नाहीत. घरचं कोण बघतं?

असे प्रश्न निघाले की कोणीतरी आईनस्टाईनचं व्हायोलिन काढतोच. आपल्याकडे रामन. रामन यांचं उदाहरण खरोखर मोठं आहे. 1907 ते 1917 अशी दहा वर्षं ते अर्थखात्यात नोकरी करत होते आणि कलकत्त्यात असताना ऑफिसच्या आधी नि नंतर बहूबाजारातल्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत जाऊन प्रयोग करायचे. त्यांचं बरंचसं सुरुवातीचं काम वाद्यांवर आहे. तंबोऱ्याच्या तारेखालच्या दोऱ्यामुळे, म्हणजे आपण जवारी लागली म्हणतो त्यामुळे, तार एखाद्या जागी छेडल्यावर जे स्वरांश (मूळ स्वराबरोबर वाजणारे वरचे स्वर) ऐकू यायला नकोत तेही ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं. 1920 मध्ये शिवकाली कुमार यांच्याबरोबर आणि मग 1934 मध्ये सविस्तर, त्यांनी मृदंग-तबल्याचं गणित मांडलं. साधं चामडं ताणून वाजवलं तर त्याचे वरचे स्वरांश मूळ स्वराच्या 1.59, 2.14, 2.30 अशा आडनिड्या पटीत येतात, म्हणून ढोलाला सूर नसतो. मधोमध शाई, म्हणजे तो काळा लेप, चढवली की ते सरकून 1, 2, 3, 4, 5 अशा जवळजवळ पूर्ण पटीत बसतात. नऊ कंपनं, त्यांचे पाच सुरेल स्वरांश. आणि हे लोखंडाचा कीस नि भाताची खळ दगडानं घोटत बसणाऱ्या कारागिरांनी कानानं साधलेलं.

मी घरी दायांवर, म्हणजे उजव्या हाताच्या तबल्यावर, रांगोळीची बारीक पूड पसरून हे करून पाहिलंय. 'ना' हा बोल वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली असते. पूड त्या बोटापासून पलीकडे अशी एका सरळ रेषेत गोळा होते, मधून भांग पाडल्यासारखी. अनामिका मूळ कंपन दाबते आणि वरचं मोकळं सोडते, म्हणून 'ना' एवढा टणक वाजतो. माझे गुरुजी हे गणित न शिकता म्हणायचे, "बोट ठेव, टेकू नकोस." मी ती पूड बघून इतका हरखलो की बायकोला स्वयंपाकघरातून हाताला धरून आणलं. (पुडी, म्हणजे तबल्याचं चामडं, झटकल्यावर शाईच्या खळ्यांत रंग अडकला, तो पुढे वर्षभर निघत होता. करून पाहणार असाल तर जुन्या पुडीवर करा.)

पण या ज्ञानानं माझा 'ना' तसूभर सुधारला नाही. आणि तबल्यामुळे माझा एकही पेपर झाला नाही. रामन यांचा संशोधनाचा विषयच ध्वनी होता. तुमचा तो नाही, माझाही नव्हता. तेव्हा गाण्यानं एकाग्रता वाढते, मेंदूचा अमुक भाग जागा होतो, अशी कारणं गाईडला देऊ नका, आणि स्वतःला तर देऊच नका. औषध म्हणून ठेवलेली गोष्ट बरं वाटायला लागलं की सुटते. गाणं येतं म्हणून गायचं, एवढं पुरे.

राहिली घरची गोष्ट. रामन पहाटे नि रात्री प्रयोगशाळेत होते तेव्हा घर लोकसुंदरी बघत होत्या, ज्या स्वतः वीणा वाजवत. माझ्याकडेही काही वेगळं नव्हतं. मी रविवारी भोरच्या एसटीत बसायचो तेव्हा दोन लहान मुलं आणि अंथरुणाला खिळलेले माझे वडील बायकोकडे असायचे. ती लग्नाआधी पेटी वाजवायची, माझ्यापेक्षा चांगली. ती पेटी माळ्यावर गेली, आणि ती खाली काढायचं माझ्या लक्षात आलं तोपर्यंत भात्याला कसर लागली होती. चिंध्यांचीच गोधडी होते, असं लोक कौतुकानं म्हणतात. होते, पण ती शिवायला घरात कोणीतरी बसलेलं असावं लागतं. तुम्ही आज हॉस्टेलवर आहात, जेवण मेसचं, तेव्हा तिन्ही जमतंय. उद्या लग्न, मूल, आजारी आई-वडील यातलं काही आलं तर हा हिशेब बदलेल, आणि बाईसाठी तो पुरुषापेक्षा जास्त बदलतो. तो आत्ता सोडवू नका, पण माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं 'मी तिन्ही केलं' हे वाक्य ऐकताना एवढं वजा करून ऐका.

ज्या रामन यांचं आत्ता एवढं कौतुक केलं, त्यांनीच 1933 मध्ये कमला भागवत या मुलीला बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश नाकारला होता, मुलगी म्हणून. त्या अडून बसल्या तेव्हा एक वर्ष काम बघून ठरवू या अटीवर घेतलं. त्या म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी. 1939 मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली, विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक. पुढे नीरेवर आणि कडधान्यांवर काम केलं, मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या प्रमुख झाल्या, आणि ग्राहक चळवळीत अन्नभेसळीवर लिहीत, बोलत राहिल्या. 1982 मध्ये कंझ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संस्थेच्या अध्यक्ष झाल्या तेव्हा वय सत्तरच्या घरात होतं. सगळं एकाच दशकात करायची सक्ती नसते, हे त्यांच्याकडून शिकावं. तुमच्याच शाखेतल्या अश्विनी भिडे-देशपांडे जीवरसायनशास्त्रातली पीएचडी पूर्ण करून मग पूर्णवेळ गाण्याकडे वळल्या. पेटीवादक अरविंद थत्ते गणितातले डॉक्टरेट. दोघांनी हातातली पदवी अर्धी टाकली नाही. गाणंच करायचं ठरलं तरी पीएचडी संपवा, एवढा सल्ला मी अगदी ठासून देतो.

आता नेमकं काय करायचं.

लॅबमधल्या एखाद्या मैत्रिणीशी अदलाबदल करा: तिचा शनिवार तुम्ही बघायचा, तुमचा रविवार तिनं. आमच्या शेजारच्या लॅबमधल्या मुली शुक्रवारी पेशी जरा विरळ लावायच्या, म्हणजे सोमवार सकाळपर्यंत प्लेट गच्च भरत नसे. तुमच्या पेशींना ते चालतं का, ते तुम्हालाच माहीत. आठवड्यातले दोन दिवस असे ठेवा, की त्या दिवशी संध्याकाळी गुरूंकडे जायचं नाही, मीटिंग लावायची नाही, सलग लॅब किंवा सलग लिखाण.

गुरूंकडे आठवड्यातून दोनदा ऐवजी एकदा जा, दोन वर्षांपुरतं. त्यांना आधी सांगा, नंतर गैरहजर राहून नको. गुरूंना शिष्य कमी वेळ देतो याचा राग येत नाही, न सांगता गायब होतो याचा येतो. अलंकारचा, म्हणजे विशारदच्या पुढच्या परीक्षेचा, फॉर्म यंदा भरू नका. कार्यक्रमाची आमंत्रणं वर्षातून एखादं घ्या. माझ्यापुरता मी नियम केला होता, की प्रबंध किंवा अहवालाची तारीख असेल त्या महिन्यात कोणाच्या साथीला बसायचं नाही. दोन-तीन गायकांनी मग बोलावणं सोडलं. वाईट वाटलं, पण गाण्याबद्दलच वाटलं, शरम नाही वाटली.

अभ्यासिका दर रविवारऐवजी पहिला आणि तिसरा रविवार करा, आणि मधल्या रविवारांसाठी दुसरं माणूस बघून द्या. माणूस मिळेपर्यंत कमी करू नका. शब्द लहान करायचा म्हणतो तो असा. आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण तुम्हाला दिसली असेल: साइट संपली की मूल जातं. आज समोर बसलेली पोरं दिवाळीनंतर हिंजवडीत असतील की सुरतेला, सांगता येत नाही. तेव्हा तिथे अभ्यासक्रम 'पूर्ण' करायच्या मागे लागू नका. प्रत्येक रविवार त्या एका दिवसात संपेल असा करा. एक प्रयोग, एक हिशेब, जो त्या दिवशी घरी नेता येईल. बापाची रोजंदारी गुणिले हजेरीचे दिवस, वजा उचल, हा गुणाकार येणाऱ्या पोराला कोणी फसवत नाही.

मदत बेतानं करण्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला जयंत नारळीकरांचं वाटतं. मुलं स्वाक्षरी मागायला यायची तर ते सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तर सही करून पाठवतो. आणि पाठवायचे. पुण्यातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करत असताना एका माणसाला झेपेल, टाळता येणार नाही, आणि मुलाला प्रश्न तयार करायला लावेल, अशी ती पद्धत होती. पोस्टकार्डाचा आकारच मर्यादा घालतो.

सीव्हीमध्ये लिहू का, असंही विचारलंय. लिहा, एका ओळीत. त्याचे गुण कोणी देत नाही. मला एक बढती दोन वर्षं उशिरा मिळाली आणि मुलाखतीत एका सदस्यानं "तबला कसा काय चाललाय?" असं ज्या सुरात विचारलं, तो सूर अजून लक्षात आहे. लॅबमध्ये मी 'तबलजी' होतो, मैफलीत 'सायंटिस्ट', गावात 'पानीवाले सायेब'. तिन्ही ठिकाणी थोडा पाहुणाच. मोठा रसायनशास्त्रज्ञ झालो नाही, मोठा तबलजीही नाही. हे आधी कळलं असतं तरी मी हेच केलं असतं का? बहुधा हो, पण सात आठवडे त्या गावाला नक्की थांबवलं नसतं.

राहिला हॉस्टेलचा रियाज. शेजारच्या मुलीला तिच्या परीक्षेच्या तारखा विचारा आणि त्या तुमच्या भिंतीवर लावा, तिच्या समोर. अर्धी तक्रार तिथेच मिटते. पहाटे खर्ज, म्हणजे खालचे स्वर, लावायचा तर तोंड मिटून, उशीजवळ, कमी आवाजात लावा. खुल्या 'आ'काराचा रियाज संध्याकाळी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या मागे. फोनवरचा तंबोरा इअरफोननं ऐका, भिंतीतून आवाज जातो तो बहुतेक वेळा त्याचाच असतो. मी हॉस्टेलवर चार वर्षं चौपदरी घडी केलेल्या घोंगडीवर तिरकिट घोटलं. माझ्या रूम पार्टनरला ते झोपेत ऐकायची इतकी सवय झाली, की सुट्टीत घरी गेल्यावर त्याला झोप येईना, असं त्याच्या आईचं पत्र आलं होतं.